अंथरुणाची पडताळणी

मतदार यादीत नाव घालायच्या नमुना ६ मध्ये घर क्रमांकाचा रकाना असतो. आमच्या शाळेत आम्हा दोघी-तिघींकडे बीएलओचं, म्हणजे मतदारांची घरोघरी जाऊन नोंद तपासायचं, काम आहे, त्यामुळे हा रकाना डोळे मिटूनही सापडेल इतका सवयीचा. त्या अर्जात मात्र घर क्रमांकासमोर आडवी रेघ मारलेली होती आणि पुढे वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘गणपती पेठ, तेलाच्या वखारीचा कट्टा’. अक्षर वखारीतल्या दिवाणजींचं. खाली अर्जदाराची सही, एकेक अक्षर सुटं काढलेली. वय ५४. आजवर कुठल्याच यादीत नाव नाही. मी आमच्या सुपरवायझरना फोन लावला. ते म्हणाले, बेघर माणसाकडं पत्त्याचा पुरावा मागायचाच नाही. बीएलओनं रात्री त्या जागी जायचं, माणूस खरंच तिथं झोपतो का ते बघायचं, आणि एका रात्रीवर भागवायचं नाही. निवडणूक आयोगाचा तसा नियमच आहे.

रात्री अकराच्या पुढं नवऱ्याला गाडी काढायला लावली आणि आम्ही सांगलीच्या गणपती पेठेत गेलो. दिवसा जिथं टेम्पो आणि हातगाड्यांतून वाट काढताना जीव मेटाकुटीला येतो, तिथं रात्री सगळा रस्ता मोकळा, आणि हळद, गूळ, मिरची, तेलकट गोणपाट यांचा एकत्र वास जमिनीलगत बसलेला. प्रत्येक शटरपुढच्या कट्ट्यावर माणसं. कुणी खताची पोती उसवून शिवलेली पथारी घातलेली, कुणी नुसता फ्लेक्स. चपला उशाखाली, कारण सकाळी त्या जागेवर राहत नाहीत. दोन कट्ट्यांमागे एक मच्छर अगरबत्ती. आमचा अर्जदार जागाच होता. धुतलेला शर्ट घालून, केस पाणी लावून बसवून, पाय जवळ घेऊन बसलेला. “या बाई,” म्हणाला, “बसा म्हणायला काय न्हाई.” मग त्यानं आपणहून सगळं दाखवलं. वळकटी, पाण्याची बाटली, पोती ओढायचा आकडा, शटरच्या खिट्टीला टांगलेली पिशवी. पत्र्याची पेटी वखारीत ठेवायला दिवाणजींची परवानगी आहे, तीही सांगून टाकली. शेवटी जरा अवघडून विचारलं, “झोपल्यालं बघावं लागतंय का, का बसल्यालं चालंल?”

मी म्हटलं, चालेल.

घरी आल्यावर झोप लागेना. एका बाजूला मला बरं वाटत होतं, अगदी मनापासून. एका माणसाचं एक मत वाया जाऊ नये म्हणून या देशात कुणीतरी नियम लिहिला की दारात ये म्हणू नका, तुम्ही त्याच्याकडं जा, तेही रात्री, तेही पुन्हापुन्हा. दुसऱ्या बाजूला त्याच्या अंथरुणाशी उभं राहून टिपण करताना माझा हात आखडला होता. आणि एक प्रश्न होता, तो अजूनही गेलेला नाही. मताच्या बाबतीत जी व्यवस्था पथारीपर्यंत चालत जाते, ती औषधाच्या, रेशनच्या, निराधार पगाराच्या बाबतीत टेबलामागं का बसून राहते?

पुढच्या फेऱ्यांत थोडं थोडं कळत गेलं. मूळचा जत तालुक्यातला. २००३च्या दुष्काळात गाव सोडलं. आधी विटांच्या भट्टीवर, मग इथं हमाली. बायको गेली, मुलगी विजापूरकडं दिली आहे. तिच्याकडं का जात नाही, असं मी विचारलं नाही. त्यानंच सांगितलं, “जावयाच्या दारात किती दिस बसायचं?” मोसमात हळदीची पोती उचलून पैसे बरे मिळतात, पण हमालांच्या माथाडी मंडळात नोंद नाही, बदलीवर बोलावतात. माथाडी कायदा १९६९चा आहे, फंड आहे, सुट्टीचा पगार आहे, पण ते सगळं नोंद असलेल्या माणसाला. त्याला ते माहीत होतं. तक्रारीचा सूरही नव्हता, हवामान सांगावं तसं सांगत होता.

गेल्या साली त्याचा घोटा मोडला. पोतं घेऊन फळीवरून उतरताना पाय मुरगळला. दवाखान्याचं नाव त्यानं घेतलं होतं, मी घेत नाही. केसपेपर काढताना पत्ता विचारला, त्यानं पेठेचं नाव सांगितलं, “घर नंबर?” म्हटल्यावर गप्प राहिला, तर मागचा माणूस पुढं घेतला गेला. शेवटी प्लॅस्टर झालं. डॉक्टर चांगले होते, समजावून सांगितलं त्यांनी. पंधरा दिवस घरी झोपून राहायचं, पाय उंचावर ठेवायचा, प्लॅस्टरला पाणी लागू द्यायचं नाही. कट्टा सकाळी सहाला मोकळा करावा लागतो. सातला शटर उघडतं, मग त्याच कट्ट्यावर माल उतरतो. त्यानं ते दिवस कुठं काढले? सकाळी एसटी स्टँडचं बाकडं, दुपारी देवळाच्या आवारात, संध्याकाळी पुन्हा कट्ट्यावर, सगळं एका पायावर. हाड जुळलं, पण तिरकं. आता जड पोतं उचलता येत नाही, म्हणजे मोसमातली कमाईही निम्मी.

हे ऐकल्यापासून ‘रात्रनिवारा’ या कल्पनेवरचं माझं समाधान उडालं. माणूस रात्रीपुरता बेघर नसतो. आजारपण दुपारीही असतं. न्यायालयानं हे फार आधी ओळखलंय. २००९च्या डिसेंबरात दिल्लीत पुसा रोडचा तात्पुरता निवारा ऐन थंडीत पाडला गेला, उघड्यावर माणसं दगावली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयात अन्नाच्या हक्काचा खटला चालूच होता. त्यातच २०१० साली निवाऱ्यांचे आदेश निघाले. निवारे वर्षभर आणि चोवीस तास उघडे असावेत, हे तेव्हापासूनचं आहे. २०१३ साली राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आलं, त्यात प्रमाणही लिहिलं आहे: लाख लोकवस्तीमागं निदान शंभर माणसांची कायमची सोय, माणशी पन्नास चौरस फूट जागा, आणि ती सोय जिथं ही माणसं काम करतात त्याच्या जवळ. २०११च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या ५ लाख २ हजार ७९३ होती. म्हणजे आपल्या शहराला पाचशे जागा हव्यात.

निवारा केंद्र आपल्या शहरात आहे, आणि तिथं काम करणाऱ्या लोकांबद्दल मला नितांत आदर आहे. रस्त्यावर पडलेल्या म्हाताऱ्यांना उचलून आणणं, जटा कापणं, जखमेतले किडे काढणं, हे काम करून बघितल्याशिवाय त्याबद्दल बोलू नये. पण आमच्या अर्जदाराला मी तिथं चला म्हटलं तर तो मान हलवत राहिला. पहाटे तीनला ट्रक लागतो. त्या वेळी जो कट्ट्यावर आहे त्याला काम मिळतं, अर्ध्या तासानं पोचणाऱ्याला मिळत नाही. पेटीचं काय करायचं, हा दुसरा प्रश्न. तिसरा त्यानं उशिरा सांगितला: “तितं म्हातारी-आजारी मान्सं हायती. मी कमावता हाय की बाई.” हे मला पटलं. ज्याला रोज काम आहे, पैसे आहेत, फक्त खोली नाही, त्याची गरज आणि अंथरुणाला खिळलेल्या अनाथ वृद्धाची गरज एका हॉलमध्ये कोंबून भागत नाही. मार्केट यार्डाजवळ, पेठेजवळ, मिरज स्टेशनजवळ लहान लहान निवारे, कुलपाचं कपाट, नहाणीघर, आणि दुखणाईताला दिवसाही झोपता येईल अशी चार कॉट. एवढं जरी झालं तरी तिरकी हाडं सरळ जुळतील.

आमचं बालपण मिरजेतलं. दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातून, सोलापुराकडून रोगी यायचे आणि त्यांच्याबरोबर अख्खं कुटुंब. दवाखान्याच्या भिंतीलगत तीन दगडांच्या चुली, त्यावर अॅल्युमिनियमची भगुली, कानडीत चाललेली हलकी कुजबुज, झाडाच्या फांदीला बांधलेला लुगड्याचा पाळणा. आई शाळेतून येताना मला म्हणायची, त्यांच्याकडं टक लावून बघू नको, ती त्यांची स्वैपाकघरं आहेत. भिंत नसली तरी ते कुणाचं तरी स्वैपाकघर आहे, हे तिनं मला सहाव्या-सातव्या वर्षी शिकवलं. रोगी बरा झाला की ती माणसं निघून जायची. काहींचा रोगी जायचा आणि माणसं मागं राहायची. परत जायला तोंड नसायचं, कर्ज झालेलं असायचं. स्टेशन रोडवरचे काही चेहरे मी लहानपणापासून कॉलेजपर्यंत बघितले.

आजी गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलेली. तिच्या तोंडी ‘बेघरांना आसरा’ असायचं, बाबांच्या दशसूत्रीतलं. पण तिला त्याहून जास्त कौतुक होतं ते बाबांच्या धर्मशाळांचं. अंगावर चिंध्या असलेल्या माणसानं पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई इथं पक्क्या इमारती उभ्या केल्या आणि स्वतः त्यात एक खोली ठेवून घेतली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी बाबासाहेबांच्या स्वाधीन केली. मुंबईत दवाखान्यांजवळ रोग्यांच्या नातेवाइकांसाठी सोय करावी, हे त्यांना त्या काळात सुचलं होतं. गरज जिथं आहे तिथंच छप्पर, ही दृष्टी आपल्याच मातीतली आहे. दिल्लीच्या आदेशाची वाट बघायची गरज नव्हती खरं तर.

आणि २०१९.

सांगलीत राहणाऱ्याला त्या ऑगस्टमधल्या कृष्णेच्या महापुराबद्दल काही सांगायची गरज नाही. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागातलं आमचं घर पहिल्या मजल्यापर्यंत बुडालं आणि आम्ही विश्रामबागकडच्या एका शाळेत गेलो. मी वर्गात शिकवते, त्या वर्गासारख्याच वर्गात झोपले. बाकं एकावर एक रचलेली, फळ्यावर आधीच्या दिवसाचा सुविचार, ओल्या सतरंजीचा आणि खिचडीचा वास. बाथरूमसाठी पहाटे चारला रांग. कुणीतरी आणलेला, मापात न बसणारा गाऊन मी दोन दिवस घातला. सासूबाईंची बीपीची गोळी संपली, तर वैद्यकीय पथकातली मुलगी आमच्या चादरीपाशी येऊन बसली, बीपी मोजला, गोळ्या दिल्या. पत्ता विचारला नाही. सगळीच बुडालेली माणसं, कागद कुणाचे दाखवणार? साताऱ्याकडून भाकरीच्या टोपल्या आल्या, मुंबई-पुण्याहून ट्रक आले. पाणी ओसरल्यावर पाच हजार रोख हातात मिळाले, उरलेले खात्यावर. ज्यांची घरं पूर्ण पडली त्यांना नव्या घरापर्यंत भाड्यानं राहता यावं म्हणून सरकारनं शहरात ३६ हजार आणि खेड्यात २४ हजार रुपये जाहीर केले. मला ती रक्कम पाठ आहे, कारण आमच्या गल्लीतल्या एका कुटुंबाला तिच्यामुळं खोली घेता आली, डिपॉझिट भरता आलं, आणि त्यांची मुलगी त्या वर्षी दहावीला बसली.

त्या पुरात पेठेतले कट्टेही बुडाले. आमचा अर्जदार तेव्हा एका नव्या इमारतीच्या सांगाड्यावर चौथ्या मजल्यावर इतरांबरोबर बसून होता. त्याची वळकटी गेली, पेटी गेली, पेटीतले कागद गेले. नंतर पंचनामे झाले. पंचनामा घराचा होतो: घर क्रमांक, भिंतीवर पाण्याची खूण, कुटुंबातली माणसं. त्याचा पंचनामा कशाचा करणार? हे सांगताना त्याच्या आवाजात पहिल्यांदा मला दुखावलेपण जाणवलं. “पानी काय घर बघून आलं न्हवतं,” म्हणाला.

तेव्हा मी बोलले नाही, पण त्यानंतर हाच विचार घट्ट झाला. पथारीपाशी डॉक्टर जाऊ शकतो, कागदाशिवाय गोळी मिळू शकते, घरभाड्याला सरकारी मदत देता येते, डिपॉझिटसकट. हे सगळं या शहरात झालेलं आहे, माझ्या डोळ्यांसमोर, माझ्यासाठी. ते पूरग्रस्तांना दिलं हे योग्यच होतं. मग ज्याचं घर दुष्काळात, कर्जात किंवा भावकीत वाहून गेलं, त्याचाही पंचनामा व्हायला हवा.

मिरज स्टेशनबाहेर एक बाई असायची. नळावर एकच ताट दिवसातून कितीदा तरी घासायची, राखेनं, चकचकीत होईपर्यंत, आणि मग ते पालथं घालून त्याच्याशी बोलायची. लोक वडापाव द्यायचे, पोरं दगड मारायची. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की अशा भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणात घेऊन चोवीस तासांत सरकारी दवाखान्यात पोचवणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. एका महिला कॉन्स्टेबलनं ते कर्तव्य केलं. मी साक्षीदार आहे. तिनं बाईचं ताट काढून घेतलं नाही, ताटासकट गाडीत बसवलं. हाच कायदा पुढं असंही सांगतो की घर नाही किंवा घरचे नेत नाहीत, एवढ्याच कारणानं कुणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही, समाजात राहण्याचा हक्क तिला आहे आणि त्यासाठी सरकारनं मधल्या टप्प्यातली घरं उभी करायची आहेत. डॉ. भरत वाटवानी यांनी कर्जतच्या केंद्रातून रस्त्यावरच्या किती मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवलं, त्यासाठी २०१८चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण प्रत्येक जिल्ह्यात वाटवानी नसतात. ती बाई बरी होऊन परत येईल तेव्हा तिला मिरजेत एक खोली, गोळ्या वेळेवर देणारं एक माणूस आणि तेच ताट ठेवायला एक फळी लागेल. नाहीतर ती त्याच नळावर येईल.

घरकुलांच्या योजना आहेत, पण त्यांची सुरुवात पायरीच्या वरून होते. प्रधानमंत्री आवासमध्ये स्वतः बांधायचं तर आधी जागा हवी, प्रकल्पातलं घर घ्यायचं तर हिस्सा भरायची ऐपत हवी. संजय गांधी निराधार योजनेचे दीड हजार मिळवायचे तर महाराष्ट्रातला पंधरा वर्षांचा रहिवास दाखवायला हवा, आणि फूटपाथवर काढलेल्या पंधरा वर्षांचा दाखला कोण देणार? आधारसाठी मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचं प्रमाणपत्र चालतं, हे फार थोड्यांना माहीत आहे, सेतू केंद्रातल्या काहींनाही. फिनलंडनं २००८पासून वेगळी वाट धरली: आधी भाडेकराराची चावी हातात, बाकीचे प्रश्न त्यानंतर. हेलसिंकीत मोठमोठे सामायिक निवारे मोडून त्यांच्या जागी एकेकट्याची लहान घरं केली. थंड, श्रीमंत देश आहे तो, मान्य. पण आपल्याकडं कुपवाडच्या एमआयडीसीजवळ कामगारांच्या खोल्या आहेत, भाडंही आमच्या अर्जदाराला झेपेल इतकं आहे. त्याला अडतं ते डिपॉझिटला आणि ओळखीला. घरमालक विचारतो, एकटा गडी, गाव कुठलं, पाठीमागं कोण? त्याच्या पाठीमागं पालिका उभी राहिली, डिपॉझिटची हमी तिनं घेतली, तर पुढचं भाडं तो स्वतः भरेल. निवाऱ्यात एका माणसाला वर्षानुवर्षं ठेवण्यापेक्षा हे स्वस्त पडेल असं मला वाटतं, आणि महाग पडलं तरी करावं.

त्याचं नाव यादीत आलंय. भाग यादीत घर क्रमांकाच्या जागी काही नाही, तरी नाव आहे. त्याच कागदाच्या जोरावर दिवाणजींनी त्याचं बँकेत खातं काढून दिलं. शिधापत्रिकेचा अर्ज आम्ही मिळून भरला, पुरवठा कार्यालयातल्या कारकूनबाईंनी तो न परतवता ठेवून घेतला.

दर वर्षी मेमध्ये पूरपट्ट्यातल्या घरांच्या याद्या होतात. कुठली गल्ली किती फुटांवर बुडते आणि कुणाला कुठल्या शाळेत हलवायचं, ते आधीच ठरतं. यंदा त्या यादीत घाटावर, पेठेतल्या कट्ट्यांवर आणि पुलाखाली झोपणाऱ्यांची नावं घालावीत, त्यांची रात्री जाऊन नोंद करावी, आणि त्या नोंदीला निराधार योजनेसाठी रहिवासाचा पुरावा धरावा, असा अर्ज मी लिहिलाय. रात्रीच्या नोंदीसाठी आमच्या शाळेतल्या तिघीजणी यायला तयार आहेत, तेही त्यात लिहिलंय. आवक क्रमांक मिळाला. अधिकारी म्हणाले, बेघरांच्या नोंदीचा नमुना आमच्याकडं नाही. मी मतदार पडताळणीचा नमुना त्यांच्या टेबलावर ठेवून आले. शनिवारी कुपवाडची एक खोली बघायला जायचंय. घरमालकीण डिपॉझिट हप्त्यानं घ्यायला तयार आहे, फक्त ती म्हणते, माणूस आधी मला दाखवा.